नव्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता: घर, गाळा, भाड्याची जागा की सीएचे ऑफिस?

कंपनी काढायची ठरली की घरात पहिली चर्चा नावाची होते. नाव अरबी ठेवायचे की मराठी, अब्बांच्या नावावरून ठेवायचे की गावाच्या, यात चार-चार रात्री जातात. पत्त्याचा विषय निघाला की मात्र अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. "घराचाच टाका" किंवा "सीए साहेब बघून घेतील." पुढे अडचण येते ती बहुतेक वेळा पत्त्यावरूनच. नोटीस भलत्याच दारात पडते, लाइट बिल मरहूम आजोबांच्या नावावर निघते, नाहीतर घरमालक सही द्यायला नकार देतो.

आपल्या मुलांमुलींपैकी बरेच जण आता नोकरीबरोबर स्वतःच्या कंपनीचाही विचार करू लागले आहेत. कुणाचे यंत्रमाग आहेत, कुणाचा फळांचा किंवा मसाल्याचा व्यापार, कुणी सॉफ्टवेअर करतो, कुणी ट्रॅव्हल एजन्सी. आम्ही पेशाने शिक्षक असल्यामुळे कागद वाचून समजावणे हे आमचे रोजचेच काम. म्हणून या एका विषयावरचे नियम आणि घराघरांत पडणारे प्रश्न येथे एकत्र मांडतो. प्रत्यक्ष अर्ज भरताना सीए किंवा कंपनी सचिवाचा सल्ला घ्यावाच. पण त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी एवढे माहीत असले तर सही करताना आपण कशावर सही करतो हे कळेल.

नोंदणीकृत कार्यालय म्हणजे काय

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कंपनीला स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत आणि त्यानंतर कायम एक नोंदणीकृत कार्यालय असावेच लागते. हे कार्यालय कंपनीच्या नावाने आलेला पत्रव्यवहार आणि नोटिसा स्वीकारून पोच देण्यास सक्षम असले पाहिजे. पत्ता निवडताना लक्षात ठेवायची मुख्य अट हीच.

कार्यालय आलिशान असावे, व्यापारी जागेतच असावे किंवा कंपनीच्या मालकीचे असावे असे हा कायदा म्हणत नाही. घराची एक खोलीही चालते. कारखाना, गोदाम, दुकान दुसरीकडे असले तरी हरकत नाही. कंपनीची शाखा दहा ठिकाणी असू शकते, पण नोंदणीकृत कार्यालय एकच असते. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी काढली तरी तिलाही २००८ च्या कायद्याखाली नोंदणीकृत कार्यालय लागते.

हा पत्ता एवढा महत्त्वाचा का

कायद्याच्या नजरेत कंपनी ही तुमच्या-आमच्यापासून वेगळी व्यक्ती आहे. तिला चेहरा नाही. तिला गाठायचे तर या पत्त्यावर. कलम २० प्रमाणे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात स्पीड पोस्टने, रजिस्टर पोस्टने, कुरियरने किंवा हातोहात कागद पोचवता येतो. तेथे तो रीतसर पाठवला गेला की "आम्ही तेथे बसत नाही हो" ही सबब सहसा टिकत नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते पाहा. कंपनी बंद पडली आहे असे निबंधकाला वाटले तर कलम २४८ खाली नाव काढून टाकण्याची नोटीस निघते आणि उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. दिवाळखोरी संहितेखाली एखाद्या माल पुरवणाऱ्याची मागणी-नोटीस आली तर उत्तराला अवघे १० दिवस. ती नोटीस अशा पत्त्यावर गेली जिथे कुणी उघडून वाचत नाही, तर मुदत संपते आणि प्रकरण पुढे सरकते. २०१७-१८ या एका वर्षात देशभर दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे निबंधकांनी नोंदवहीतून काढून टाकली. नाव निघाले की कंपनीचे बँक खाते गोठते आणि ती परत नोंदवून घ्यायला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते.

पूर्वी पत्ता कागदावर असला की भागत असे. आता तसे नाही. २०१८ च्या अखेरीस कायद्यात भर पडली आणि कंपनी व्यवसाय करत नसल्याचा सबळ संशय असेल तर निबंधकाला कार्यालयाची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. ही तपासणी कशी करायची, याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. अधिकारी त्या परिसरातील दोन स्वतंत्र साक्षीदार घेऊन येतो, गरज पडल्यास स्थानिक पोलिसांची मदत घेतो, कागदपत्रे ताडून पाहतो, जागेचा फोटो काढतो आणि अहवाल लिहितो. पत्रव्यवहार स्वीकारण्यास जागा सक्षम नाही असे आढळले तर कंपनीला आणि सर्व संचालकांना नोटीस जाते. मोहल्ल्यातल्या दोघांना विचारले आणि त्यांनी "असली कुठली कंपनी इथे नाही" म्हटले, तर काय होईल ते सांगायला नको.

कलम १२ चे पालन झाले नाही तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्याला दररोज १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लहान कंपनी, एकव्यक्ती कंपनी आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना कलम ४४६ब खाली जास्तीत जास्त निम्मा दंड होतो. निम्मा असला तरी तो खिशातूनच जातो.

कोणते कागद लागतात

कंपनीची नोंदणी स्पाइस प्लस या ऑनलाइन अर्जाने होते. कायमचा पत्ता तयार असेल तर तो त्याच अर्जात देता येतो. तयार नसेल तर तूर्त पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन कंपनी नोंदवता येते आणि मग ३० दिवसांच्या आत आयएनसी-२२ हा फॉर्म भरून कायमचा पत्ता कळवावा लागतो. कागद साधारण असे:

१. जागा कंपनीच्याच मालकीची असल्यास मालकीचा नोंदणीकृत दस्त.

२. जागा भाड्याची असल्यास भाडेकराराची नोटरी केलेली प्रत आणि एक महिन्याहून जुनी नसलेली भाडेपावती.

३. जागा संचालकाची किंवा तिसऱ्या कुणाची असल्यास मालकाचे किंवा अधिकृत ताबेदाराचे संमतिपत्र, म्हणजेच एनओसी, आणि त्याच्या मालकीचा वा ताब्याचा पुरावा.

४. वीज, गॅस किंवा टेलिफोन यांपैकी एक बिल. ते मालकाच्या नावाचे हवे, त्यावर तोच पत्ता हवा आणि ते दोन महिन्यांहून जुने नको. मग ते महावितरणचे असो, मुंबईत बेस्टचे असो की भिवंडीत टोरंटचे.

यात एक गोम आहे. नोंदणी होईपर्यंत कंपनी अस्तित्वातच नसते, त्यामुळे तिच्या नावाने भाडेकरारही होत नाही. म्हणून आधी नियोजित कंपनीच्या नावाने मालकाची एनओसी घेतात आणि कंपनी जन्माला आली की तिच्या नावाने करार करतात. हा दुसरा टप्पा आपल्याकडे बरेच जण विसरतात.

दुसरी गोम स्पेलिंगची. लाइट बिलावर एक, घरपट्टीवर दुसरे, आधारवर तिसरे. शेख, शैख, शेक. घर नंबर जुना आणि नवा. पोर्टलवर अर्ज परत येण्याचे हे नेहमीचे कारण. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

घराचा पत्ता आणि विरासतीचा प्रश्न

घराचा पत्ता स्वस्त आणि सोयीचा आहे, यात वाद नाही. पण घर कुणाचे, हा प्रश्न आधी विचारा.

आपल्याकडची बरीच घरे अजून मरहूम वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत. लाइट बिल त्यांचे, घरपट्टी त्यांची. माणूस हयात नाही म्हटल्यावर एनओसीवर सही कोण करणार? "मी थोरला, मीच करतो" हे उत्तर चुकीचे आहे. मुस्लिम वारसा कायद्यात मृत्यूबरोबर प्रत्येक वारसाचा ठरलेला हिस्सा उभा राहतो. मुले असताना विधवेला आठवा हिस्सा, आणि मुलाच्या निम्मा मुलीला. म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आपाही त्या घराची हिस्सेदार आहे. तिला न विचारता घराचा पत्ता कंपनीला देणे हे कागदावरही कच्चे आणि नात्यातही कच्चे.

मार्ग सरळ आहे. आधी वारस नोंद करून घ्या. शहरात मालमत्ता पत्रकावर आणि महापालिकेच्या करात, गावात फेरफाराने आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर. लाइट बिलाचे नाव बदलून घ्या. मग सर्व हिस्सेदारांची एकत्र संमती घ्या. त्या पत्रात एक वाक्य जरूर लिहा: ही परवानगी केवळ पत्ता वापरण्यापुरती आहे, तिने कंपनीला मालकी, हिस्सा वा भाडेहक्क मिळत नाही. या वाक्याने बहिणींची धास्ती जाते आणि पुढच्या वाटणीत कंपनी मध्ये येत नाही.

हिबाचेही तसेच. वडिलांनी हयातीत घर तोंडी हिबा करून ताबा दिला असेल, तर आपल्या व्यक्तिगत कायद्यात तो हिबा मान्य आहे. पण पोर्टलवर तोंडी गोष्ट अपलोड होत नाही. हिबा झाल्याची लेखी नोंद आणि त्याआधारे बदललेले सरकारी उतारे हवेत.

घरातल्या बायका आणखी एक रास्त प्रश्न विचारतात: कंपनीचे कर्ज थकले तर घर जाईल का? केवळ पत्ता दिल्याने जात नाही. कंपनीचे कर्ज कंपनीचे असते. घर गहाण ठेवले असेल किंवा मालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तरच ते धोक्यात येते. बँकेत सही करताना तुम्ही संचालक म्हणून करता की जामीनदार म्हणून, हे वाचूनच करा.

मात्र दुसरी गोष्ट खरी आहे. नोंदणीकृत पत्ता कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. बँकेचा तपासनीस, जीएसटीचा अधिकारी, वसुलीवाला, जाहिरातवाला, सगळे त्याच दारात येतात. दिवसा घरात फक्त अम्मी आणि लहान मुले असतील तर याचा विचार आधी व्हावा. फ्लॅट असेल तर सोसायटीचे उपविधी आणि गृहकर्जाच्या अटीही पाहून घ्या. पत्ता देणे वेगळे आणि घरात प्रत्यक्ष धंदा चालवणे वेगळे. दुसऱ्यासाठी महापालिकेचे, विजेच्या दराचे आणि सोसायटीचे नियम निराळे लागू होतात.

पागडी, भाडे आणि वक्फचा गाळा

डोंगरी, नागपाडा, मदनपुरा अशा भागांत पिढ्यान्‌पिढ्या पागडीच्या जागा आहेत. ताबा आपला असला तरी मालक दुसरा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. तुमची कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, हे वर सांगितलेच. म्हणून पागडीच्या जागेत कंपनीचा बोर्ड लावण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या. आजोबांनी सांभाळलेली जागा एका फॉर्मपायी वादात टाकू नये.

नवी जागा भाड्याने घ्यायची तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हा गैरसमज महाराष्ट्रात फार पसरलेला आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करारात दोन वाक्ये घालून घ्या: जागा नोंदणीकृत कार्यालय म्हणून वापरता येईल, आणि जागा सोडायची वेळ आली तर पत्ता बदलायला पुरेशी मुदत मिळेल.

गाळा वक्फच्या जागेत असेल तर आधी आपला भाडेकरार जिवंत आहे ना ते पाहा. मुतवल्ली साहेब ओळखीचे आहेत, त्यांनी तोंडी हो म्हटले, एवढ्यावर पुढे जाऊ नका. वक्फ मिळकतीच्या भाडेपट्ट्याला स्वतःचे नियम आहेत. कराराच्या अटी आणि लेखी परवानगी दोन्ही हातात असू द्या. ही जागा कौमची अमानत आहे, कागदात ढिलाई तिथे तर मुळीच नको.

कोकणातले बंद घर

रत्नागिरी, रायगडच्या अनेक कुटुंबांत कर्ते पुरुष आखातात असतात आणि गावचे घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद. घर पक्के, मालकी साफ, लाइट बिल भरलेले. कागदावर यासारखा पत्ता नाही. तरीही तो नोंदणीकृत कार्यालयासाठी कामाचा नाही, कारण पोस्टमन आला की दाराला कुलूप. पत्र परत जाते आणि पाकिटावर शेरा पडतो.

अशा घराचाच पत्ता द्यायचा असेल तर तेथे रोज असणाऱ्या विश्वासू माणसाला टपाल घेण्याचे लेखी अधिकारपत्र द्या, शेजारी आणि पोस्टमन यांना सांगून ठेवा. कंपनीचा किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस तरी भारतात राहिलेला असावा अशी कायद्याची अट आहे. तो जिथे राहतो तिथला पत्ता बहुधा जास्त सोयीचा ठरतो.

सीएचे ऑफिस आणि व्हर्च्युअल ऑफिस

सीएच्या ऑफिसचा पत्ता देण्यात फायदा एवढाच की सुरुवातीला धावपळ वाचते. पण उद्या फी वरून बिनसले, त्यांनी ऑफिस बदलले किंवा त्यांच्याकडे आलेले पाकीट पन्नास पाकिटांत दबले, तर भोगायचे कंपनीला. शिवाय तिथे तुमचा फलक लागणार का, तुमची नोंदपुस्तके राहणार का, हे विचारून घ्या.

व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे वर्षाला ठरावीक पैसे देऊन फक्त पत्ता वापरणे, कायद्याने सरसकट बंद नाही. कसोटी मात्र तीच: टपाल कोण घेतो, पोच कोण देतो, तुम्हाला किती तासांत कळवतो, कंपनीचे नाव दारावर दिसते का, आणि तपासणीला कुणी आले तर काय दाखवणार? या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली नाहीत तर तो पत्ता घेऊ नका. एका टेबलावर दोनशे कंपन्यांचे पत्ते असलेली जागा स्वस्त मिळते, पण बँक खाते उघडताना आणि जीएसटी नोंदणीत तिच्यावर शंका घेतली जाते.

राज्य आणि निबंधक आधी ठरवा

कंपनीच्या घटनापत्रात, म्हणजे मेमोरँडममध्ये, पूर्ण पत्ता नसतो. फक्त राज्याचे नाव असते. त्या राज्यावरून मुद्रांक शुल्क ठरते आणि न्यायाधिकरणही ठरते. महाराष्ट्रातल्या कंपनीला त्यासाठी मुंबईच्या खंडपीठाकडे जावे लागते, मग ती नांदेडची असो की अकोल्याची. गोव्यासाठी कंपनी निबंधक पणजीत बसतो.

महाराष्ट्रात निबंधकाची कार्यालये एकाहून अधिक आहेत. कोल्हापूर, सोलापूर, सातारा, सांगली यांच्याबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही वर्षानुवर्षे पुण्याच्या निबंधकाकडे राहिले आहेत. रायगडचा माणूस मुंबईकडे आणि शेजारच्या रत्नागिरीचा पुण्याकडे, असा हा हिशेब. हद्दी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करतेवेळी आपला जिल्हा कुणाकडे येतो ते पाहून घ्या. हे का महत्त्वाचे, ते पत्ता बदलताना कळते.

पत्ता बदलायचा झाला तर

एकाच शहरात, गावात जागा बदलली तर काम सोपे: संचालक मंडळाचा ठराव आणि ३० दिवसांत आयएनसी-२२.

शहराच्या किंवा गावाच्या हद्दीबाहेर, पण त्याच निबंधकाच्या क्षेत्रात गेलात, उदाहरणार्थ मालेगावहून नाशिकला, तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो.

राज्य तेच पण निबंधक बदलला, तर त्याशिवाय प्रादेशिक संचालकाची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईत सुरू केलेली कंपनी कोल्हापूरला न्यायची तर हा खटाटोप आहे.

राज्यच बदलले तर मेमोरँडम बदलावे लागते, केंद्र सरकारची मंजुरी लागते, देणेकऱ्यांना कळवावे लागते, स्थानिक भाषेतल्या आणि इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. महिने आणि पैसे दोन्ही जातात.

याखेरीज जीएसटीत १५ दिवसांत बदल, बँकेत बदल, पॅनमध्ये बदल, फलक, लेटरहेड, बिलबुके. म्हणून आम्ही म्हणतो की निदान तीन-चार वर्षे हलावे लागणार नाही असा पत्ता पहिल्यांदाच निवडा. चार रात्री घालवायच्या तर त्या पत्त्यावर घाला.

दारावरची पाटी

कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत पत्ता प्रत्येक कार्यालयाबाहेर, धंदा चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर, ठळक जागी आणि वाचता येईल अशा अक्षरांत लावावा लागतो. लिपी त्या भागात चालणाऱ्या भाषेची नसेल तर त्या भाषेतही लिहावा लागतो. म्हणजे महाराष्ट्रात मराठी हवीच. शिवाय राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी फलक बंधनकारक आहे आणि त्यातली अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

उर्दू लिहिता येते का, हे आम्हाला नेहमी विचारतात. मराठीसोबत जरूर लिहा. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मराठीसोबत उर्दू वापरण्याला कायद्यात मनाई नसल्याचे सांगितले. ते प्रकरण नगरपरिषदेच्या फलकाचे होते, तरी भाषेबद्दलची भीती त्याने बरीच दूर केली.

लेटरहेड, बिले आणि नोटिसांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल छापावा लागतो. जीएसटी असेल तर त्याचा क्रमांकही प्रवेशद्वारावरच्या फलकावर हवा.

ईमेलकडे खास लक्ष द्या. आता कितीतरी सूचना ईमेलनेच येतात. अर्जात सीएचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकू नका. कंपनीचा स्वतःचा ईमेल बनवा आणि त्याचा पासवर्ड दोन संचालकांकडे ठेवा.

पहिल्या वर्षाचे कॅलेंडर

३० दिवस: कायमचा पत्ता आधी दिला नसेल तर आयएनसी-२२.

१८० दिवस: भागभांडवलाचे पैसे जमा झाल्याचे आणि धंदा सुरू करण्याचे प्रकटन, आयएनसी-२०ए. पत्त्याची पडताळणी झाल्याशिवाय ते पुरे होत नाही. धंदा सुरू करणे आणि कर्ज काढणे या दोन्ही गोष्टी त्यावर अडतात.

सदैव: सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि हिशेबाची पुस्तके नोंदणीकृत कार्यालयात. हिशेबाची पुस्तके दुसरीकडे ठेवायची तर मंडळाचा ठराव करून सात दिवसांत निबंधकाला कळवावे लागते.

पहिले आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत: पहिली वार्षिक सभा. ती नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात, गावात घ्यायची. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला सर्व सभासदांच्या पूर्वसंमतीने देशात कुठेही घेता येते. एकव्यक्ती कंपनीला ही सभा घ्यावी लागत नाही.

दुसऱ्याला आपला पत्ता देण्यापूर्वी

आतापर्यंत स्वतःच्या कंपनीबद्दल लिहिले. उलट बाजूही महत्त्वाची आहे. कुणीतरी ओळखीचा येतो, "फक्त लाइट बिल आणि एक सही हवी, महिन्याला काही देतो" म्हणतो. आधारची प्रतही मागतो. गरजू माणूस देऊन टाकतो. बनावट कंपन्या आणि बनावट बिलांचे व्यवहार अशाच पत्त्यांवर उभे राहतात आणि चौकशीला अधिकारी आले की ते थेट त्या गरिबाच्या दारात येतात. खोट्या माहितीवर कंपनी नोंदवणे हे कायद्यात कलम ४४७ खाली फसवणुकीचे गंभीर प्रकरण आहे, त्यात कैदेचीही शिक्षा आहे.

सही करण्याआधी कंपनीचे नाव, संचालकांची नावे आणि धंदा विचारा. पत्रावर तारीख आणि मुदत लिहा, लाइट बिलाच्या प्रतीवर "फक्त अमुक कंपनीच्या पत्त्यासाठी" असे आडवे लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आधार आणि पॅन मागितले तर ते कशाला, हे विचारा. संचालक म्हणून तुमचेच नाव तर घालत नाहीत ना? भाडे बंद झाले किंवा ते लोक निघून गेले तर संमती मागे घेतल्याचे पत्र कंपनीला आणि निबंधकाला पाठवा.

सही करण्याआधी सात प्रश्न

१. या पत्त्यावर कामाच्या वेळेत टपाल घेऊन पोच देणारा माणूस आहे का?

२. मालक हयात आहे का, आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आहे का?

३. लाइट बिल, घरपट्टी आणि एनओसीवरचे नाव-पत्ता अक्षरशः जुळतात का?

४. भाडेकरार नोंदलेला आहे का आणि तो किमान तीन वर्षे चालेल का?

५. दारावर मराठी पाटी लावता येईल का?

६. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला शेजारचे दोघे "हो, हीच ती कंपनी" म्हणतील का?

७. घरच्यांना हा पत्ता सगळ्या जगाला दिसणार हे माहीत आहे का?

सातही उत्तरे "हो" असतील तर एका खोलीचा पत्ताही पुरेसा आहे. एखादे उत्तर "नाही" असेल तर आधी ते दुरुस्त करा आणि मगच फॉर्म भरा. पत्त्याची शंका असेल तर तूर्त पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन कंपनी नोंदवण्याची सोय कायद्याने दिलेलीच आहे. ते ३० दिवस वारस नोंद मार्गी लावायला, बहिणीची सही घ्यायला आणि भाडेकरार नोंदवायला वापरा.